दाबू नका, ताई!

जुन्या शहरातली आमची भाजीवाली टमाट्याला बोट लागलं की ओरडते, “दाबू नका ताई, घरी नेऊन दाबजा!” थायरॉइडच्या कॅन्सरचं तिचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली. परवा गळ्यावरच्या व्रणाखाली वाटाण्याएवढी गाठ दिसली आणि गिऱ्हाइकांतून डॉक्टर उगवले. एकीनं केसतोड ठरवला, दुसरीनं चुना सुचवला. मीही चष्मा चढवून चरबी असल्याचं जाहीर केलं.

गर्दी हटल्यावर तिनं माझं बोट धरून गाठीवर ठेवलं. “दाबा ताई. पयली गाठबी अशीच कडक होती.”

माझी चरबी तिथंच उतरली. “उद्याच अमरावतीला दाखवू. मी येते.”

“मंग आजच माल खपवा लागन,” ती म्हणाली आणि रस्त्याकडे तोंड करून ओरडली, “या बाई, टमाटे दाबून घ्या!”