भावोजी, लॅपटॉप आणि मागची होडी

जगात आजवर जेवढ्या म्हणून वस्तू विकल्या गेल्या, त्या सगळ्या आधी आमच्या भावोजींनी उलटसुलट करून, हुंगून, नाक मुरडून परत ठेवलेल्या आहेत, असं माझं ठाम मत आहे. त्यांना येताना बघून ज्याने मनातल्या मनात कपाळाला हात लावला नाही, असा दुकानदार अख्ख्या रत्नागिरीत सापडायचा नाही. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभा जन्म मिरकरवाड्याच्या धक्क्यावर मासळी विकत घेण्यात गेला. लिलावात पहिल्या होडीचा माल कितीही फडफडीत असो, हे हात लावायचे नाहीत. "मागची होडी येऊ दे," म्हणायचे आणि कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. बाकीचे व्यापारी बर्फ भरून, टेम्पो हाकून घरी जाऊन जेवायला बसले तरी हे आपले समुद्राकडे बघतायत. सगळ्यात शेवटी लागलेल्या होडीतली मासळी सगळ्यात ताजी, इतकं साधं गणित. मासळीत ते बरोबरही ठरलं. त्यांच्या सुरमईला कोल्हापूरच्या हॉटेलवाल्यांनी कधी नावं ठेवली नाहीत. पंचाईत अशी की तेच गणित त्यांनी सगळ्या संसाराला लावलं.

छत्री घ्यायला गेले की नवीन माल कधी येतोय ते विचारणार. येतोय म्हटलं की हे भिजत परत. एक आख्खा पावसाळा त्यांनी डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी घालून काढला आणि दसऱ्याला छत्री आणली, तीही खूश होऊन. फ्रीजसाठी ताई इतकी वर्षं थांबली, की मासळीच्या व्यापाऱ्याच्या घरचे मासे शेजारणीच्या फ्रीजमध्ये राहायचे आणि त्यातले निम्मे शेजारीणच तळायची. लग्न तेवढं त्यांच्या हातात नव्हतं म्हणून वेळेवर झालं. ताईला बघून गेल्यावर 'कळवतो' म्हणाले होते. त्यांच्या आईने घरी गेल्यावर असा काही आवाज चढवला, की त्याच संध्याकाळी होकार आला. ताई रागावली की अजून म्हणते, सासूबाई होत्या म्हणून, नाहीतर मी अजून टोपलीतच पडलेली असते.

अशा माणसावर लॅपटॉप घ्यायची वेळ आली, आणि तीही घाईने. ताईच्या डोळ्यांचं निघालं. डोळ्यातल्या पडद्याचा मधला भाग झिजतोय, इंजेक्शनं देत राहू, पण समोरचं दिसणं कमी होत जाईल, कडेचं राहील, असं डॉक्टर म्हणाले. आवडीचं काही बघायचं राहिलं असेल तर आत्ताच बघून घ्या, असंही म्हणाले. परतताना रिक्षात, माझ्यादेखत, भावोजींनी तिला विचारलं, काय बघायचंय तुला? मला वाटलं आता काशी-रामेश्वर निघणार. ताई म्हणाली, सिनेमे. खरं सांगायचं तर ह्या बाईने आयुष्यभर सिनेमे नुसते ऐकलेत. टीव्ही बाहेरच्या खोलीत, तिथे भावोजी पाय पसरून बसलेले, आणि ही आत मासे साफ करतेय. संवाद तोंडपाठ, गाणी तोंडपाठ, पण नायकाला मिशी आहे की नाही विचाराल तर देवाला ठाऊक. आता बाहेरच्या टीव्हीवर तिला लांबून दिसणार नव्हतं. जवळ धरता येईल, स्वयंपाकघरात नेता येईल, पडदा मोठा आणि लख्ख असेल असं काहीतरी हवं होतं. म्हणून लॅपटॉप. माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, एवढ्या पुण्याईवर सल्लागार मी ठरलो.

मारुती मंदिराजवळच्या दुकानात आम्ही गेलो. विक्रेत्याने मोठ्या कौतुकाने एक दांडगा लॅपटॉप पुढे ठेवला. भावोजींनी तो उचलून सरळ पालथा केला, खालच्या जाळीत डोळा घातला आणि म्हणाले, "कल्ले लहान हायत ह्याचे." विक्रेता माझ्या तोंडाकडे बघायला लागला. आतली गरम हवा बाहेर जायच्या जाळीबद्दल बोलतायत, असं मी सांगितलं. मग त्यांनी पापलेट ताजं आहे का बघायला दाबतात तसा अंगठा पडद्यावर दाबला, आणि तो बिचारा लॅपटॉप सावरायला धावला. मी म्हटलं, ह्यात सोळा जीबी रॅम आहे, प्रोसेसर चांगला आहे, पडदा उत्तम आहे, सिनेमा बघायला ह्याहून जास्त काही लागत नाही, घ्या आणि चला. भावोजी हो म्हणायच्या अगदी काठावर होते, आई शप्पथ. पण त्यांनी विक्रेत्याला विचारलंच, ह्याच्या मागून कुठलं येतंय? आणि तो खुळा खरं बोलला. पुढच्या महिन्यात नवीन प्रोसेसरवाले येतायत म्हणाला. संपलं. भावोजींच्या चेहऱ्यावर ती धक्क्यावरची शांती पसरली. आम्ही हात हलवत घरी आलो.

ती शांती त्यांच्या चेहऱ्यापुरतीच होती, हे मला पुढे फोनवर कळलं. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना, मी जेवताना, दाढी करताना, कधीही फोन यायचा. ग्राफिक कार्ड आठ जीबीचं घेतलं आणि उद्या सिनेमे जड यायला लागले तर? तिला जुने सिनेमे बघायचेत हो, मी ओरडायचो, त्यातल्या कितीतरी सिनेमांत रंगसुद्धा नाहीत! मग ते पडद्याच्या उजेडावर घसरायचे. उजेड मोजतात म्हणे, हे मला त्यांनीच शिकवलं. कमी उजेडाचा घेतला तर तिला दिसायचं नाही, जास्त उजेडाचा घेतला तर डोळ्यांना टोचेल, चकचकीत पडद्यात खिडकीची सावली पडेल, खाऱ्या हवेने आतले पत्रे गंजतील. नवीन प्रोसेसरवाले आले, तर त्यांच्या मागून नवीन पडद्याचे येणार असल्याचं ह्यांनी शोधून काढलं. माणूस दिवसेंदिवस वाळत चालला होता. आणि इकडे मला ताई दिसत होती.

ताई तांदूळ निवडताना खाली बघत नव्हती. बोटांनी खडे काढायची. माशाचे काटेही बोटांनीच चाचपायची. एकदा मी शेजारी बसून बघतोय हे कळल्यावर मला म्हणाली, ह्यांना सांगू नकोस, ते आधीच धास्तावलेत. मी तिथून उठलो आणि तडक धक्क्यावर गेलो. भावोजी बर्फाच्या ढिगाजवळ उभे होते. मी त्यांना नाही नाही ते बोललो. म्हटलं, मासळीची शेवटची होडी तरी असते, लॅपटॉपची नसते. तुम्ही उभे राहाल आणि इकडे बाजार उठेल. चिडतील असं वाटलं होतं. ते चिडले नाहीत. पायाने बर्फाचा खडा सरकवत राहिले.

"मेव्हण्या, मला काय कळत नाय असं वाटतं तुला?" ते म्हणाले. "आणला, आणि तिला त्यातपण दिसलं नाय, तर काय करू? नाय आणला तोवर दिसेल असं तरी वाटतं."

 इतके दिवस ज्या माणसावर मी दात-ओठ खात होतो, तो मुळात लॅपटॉपबद्दल बोलतच नव्हता.

त्या दुपारी मला त्यांनी जेवायला घरी नेलं. ताईने कालवण वाढायला घेतलं. डाव ताटाच्या चार बोटं बाजूला आला. भावोजींनी आवाज न करता ताट उचललं आणि डावाखाली धरलं. तिला कळलंही नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, आणि बांगड्याच्या कालवणाची चव काय होती ते मला आजतागायत सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी शटर वर जायच्या आधी भावोजी त्या लॅपटॉपच्या दुकानाच्या पायरीवर हजर. आत गेले, समोर जो पहिला मांडलेला होता त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, हा बांधून दे. पालथा केला नाही, मागून काय येतंय विचारलं नाही. विक्रेत्यालाच धसका बसला आणि त्याने मला फोन केला, काका बरे आहेत ना? मी धावत त्यांच्या घरी गेलो, तर काय सांगू! मोठमोठे खेळ खेळणाऱ्या पोरांसाठी असतो तसला लॅपटॉप. वजन पाट्याएवढं, आणि बटणांखाली लाल, हिरवे, जांभळे दिवे असे पळतायत, की गणपतीच्या मखरातून चोरून आणल्यासारखं वाटावं. मी कपाळावर हात मारला. ताईने मान जराशी तिरकी केली, कारण तिला आता कडेनेच दिसतं, आणि म्हणाली, "अगो बाई, दिवे."

तिला ते दिसत होते. पडद्याचा उजेड शेवटपर्यंत चढवला, लॅपटॉप ओट्यावर तिच्या डाव्या अंगाला सरकवला, आणि तिचा लाडका जुना सिनेमा लावला. माणसं हलताना तिला दिसत होती, तोंडं दिसत नव्हती. तिने पदराने डोळे पुसले. मग बाहेरच्या खोलीत जन्म काढलेले आमचे भावोजी स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले आणि सांगू लागले. आता हिरो दारात उभा आहे. आता वळला. ताईने विचारलं, मिशी आहे का त्याला? आहे म्हणाले, पातळ. ताई हसत सुटली. इतकी वर्षं तिने त्याला बिनमिशीचाच धरला होता. तिने विचारलं, नायिकेची साडी कसली? ह्यांना साड्यांतलं काय कळतंय! थोडा विचार करून म्हणाले, बांगड्याच्या पाठीसारखी, निळी-हिरवी आणि चकचकीत. ताईने मान हलवली. तिला ती साडी स्वच्छ दिसली असणार.

परवा त्यांचा फोन आला. लॅपटॉपचा आवाज कढईच्या चुरचुरीत बुडतो, ताईला नीट ऐकू येत नाही, तर वेगळे स्पीकर आणायचे म्हणाले. माझी जीभ काही गप्प बसत नाही. म्हटलं, भावोजी, दिवाळीत नवीन येतायत, थांबता का? पलीकडून फोडणीचा आवाज आला, आणि त्यामागून ताईचा, पडद्यावर कोण आलं होतं, म्हणून विचारणारा.

"नको," भावोजी म्हणाले. "आज दुकानात जे हाय तेच घेऊन ये. आणि लवकर ये, इथे सिनेमा थांबवून ठेवलाय."