मामाला आडनावाची अडचण नसते

बावीस माणसांच्या त्या घराच्या दाराशी चपलांचे दोनपेक्षा जास्त जोड मी कधी पाहिले नाहीत. सुरतेच्या गोडादऱ्यातलं दुमजली घर. सहा खोल्या. एकीत मालक एकटे राहायचे आणि उरलेल्या पाचांत खानदेशातून आलेली, लूमवर काम करणारी पाच बिऱ्हाडं. आमचं त्यांतलंच एक. चपला पिशवीत घालून आत खिळ्याला टांगायच्या, हा घराचा पहिला नियम. धुणं मागच्या बाजूलाच वाळत घालायचं, हा दुसरा. "धुणं वाचता येतं लोकांना," मालक म्हणायचे. "दोरीवर पाच बायकांच्या साड्या दिसल्या की पाच चुली कळतात."

सगळे त्यांना मामा म्हणायचे. प्रेमाने म्हणायचे हे खरंच, पण त्याची सुरुवात वेऱ्यापासून झाली होती. घरपट्टीला सुरतेत वेरा म्हणतात. मालक स्वतः राहत असेल तर वेरा कमी, भाडोत्री ठेवले तर जास्त. घर बांधलं तेव्हा मामांनी फॉर्मवर 'स्वतःच्या वापरासाठी' असं लिहून दिलं आणि पुढे जन्मभर त्या दोन शब्दांना ते भीत राहिले. नवं बिऱ्हाड आलं की मामा त्यांच्या पोरांना समोर बसवत.

"पालिकेचा माणूस आला. विचारलं, कोणाकडे राहता? काय सांगायचं?"

"मामाकडे."

"काकाकडे का नाही?"

पोरं एकमेकांकडे बघत. मग उत्तर मामाच देत. "काका म्हटलं की आडनाव जुळावं लागतं. मामाला आडनावाची अडचण नसते. बहिणी काय, कुठल्याही आडनावात दिलेल्या असतात."

मामांना सख्खी किंवा चुलत, एकही बहीण नव्हती. मामी माझ्या जन्माआधीच गेली होती. मूलबाळ नव्हतं.

माझ्या वडिलांनी एकदा धीर करून म्हटलं, "मामा, खरं सांगून टाका ना. किती दिवस भ्यायचं?" मामा पायाचं नख खरवडू लागले. मग म्हणाले, "वेरा वाढला की भाडं वाढवावं लागेल. भाडं वाढलं की तुम्ही स्वस्तात शहराबाहेर, कामरेजकडे जाल. मग सहा खोल्यांत मी एकटा कोणाशी बोलू?" वडिलांनी पुन्हा तो विषय काढला नाही. त्या दिवसापासून दाराच्या कडीचा आवाज आला की माझीही नजर आधी चपलांकडे जायला लागली.

मामांना सर्वांत जास्त धास्ती होती ती पाणी तपासायला येणाऱ्या आरोग्य खात्याच्या बाईंची. डासांच्या अळ्या शोधायला त्या पिंपात टॉर्च मारायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "घरात माणसं किती?"

"आम्ही आपले दोघं-तिघं."

"आणि पिंपं सहा?"

"मला तहान फार," मामा म्हणाले.

बाई हसल्या आणि जाताना भिंतीवर खडूने काहीतरी आकडे लिहून गेल्या. मामांनी ते ओल्या फडक्याने पुसले. मग पुसल्याची भीती वाटली, म्हणून आठवून आठवून तेच आकडे स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिले. बाईंचा खडू पांढरा होता, आमच्याकडचा गुलाबी. पुढच्या खेपेपर्यंत मामा त्या भिंतीला पाठ लावून बसायचे.

पुढे पालिकेच्या झोन ऑफिसच्या खिडकीवर त्यांना कोणीतरी सांगितलं की आता सगळ्या खात्यांची माहिती एकाच ठिकाणी दिसते. घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "आधी बरं होतं," ते म्हणाले. "पाणीखात्याचं वेराखात्याशी बोलणं नव्हतं, दवाखान्याचं शाळेशी नव्हतं. आता यांची आपापसांत सोयरीक झाली. एका घरी शिंकलं की चार घरी कळणार."

त्यांचे सगळे कागद मीच वाचून दाखवायचे. मामा चौथीपर्यंत शिकलेले, मराठी वाचत. गुजराती अक्षरांवर मात्र त्यांचा भरवसा नव्हता. "याच्या डोक्यावर रेघ नाही. उघड्या डोक्याच्या माणसाचं काय खरं मानायचं?" वेराबिल आलं की ते दार लोटून घेत आणि बिल माझ्यापुढे धरून म्हणत, "हाई वाच बरं पोरी. हळू वाच." मी हळू वाचायचे. वाचनाची गोडी मला तिथेच लागली असावी. मामा डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटची ओळ संपली की विचारायचे, "आपलं नाव कुठे नाही ना?" आपलं म्हणजे आमचं, पाच बिऱ्हाडांचं.

मी शिकले, पालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका झाले आणि लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेले. आई त्याच खोलीत राहिली. दर उन्हाळ्यात आम्हा शिक्षकांना घरोघर जाऊन शाळेच्या वयाची मुलं नोंदवावी लागतात. दोन वर्षांपूर्वी माझ्या वाट्याला मामांचीच गल्ली आली. मी कडी वाजवली. दार उघडल्यावर मामांनी आधी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र पाहिलं, मग मला. हसले, आणि लगेच हसू आवरलं.

"ही सगळी माझ्या भाच्यांची पोरं," ते म्हणाले. मला. मी तो धडा त्यांच्याकडूनच शिकले होते.

घरात शाळेच्या वयाची नऊ मुलं होती. वरच्या खोलीतल्या नव्या बिऱ्हाडाच्या दोघींनी अजून शाळा पाहिली नव्हती. नावं नोंदवली नाहीत तर त्या पुढच्या वर्षीही पिंपं भरत राहिल्या असत्या. मी फोनमधल्या सर्वेक्षणाच्या ॲपवर एकेक मूल लिहिलं. बापाचं नाव, आडनाव, खोली. मला वाटलं, शाळेची माहिती शाळेतच राहील. सोयरिकीची गोष्ट मी ऐकली होती, पण म्हाताऱ्याचा भित्रेपणा म्हणून सोडून दिली होती.

पावसाळ्यानंतर मामांनी मला बोलावलं. दार लोटलं, कागद पुढे केला. "हाई वाच बरं पोरी." नोटीस होती. मी हळू वाचत गेले. मिळकतीत मालकाव्यतिरिक्त पाच कुटुंबं राहत असल्याचं आढळलं आहे, खुलाशासाठी हजर राहावं. पुढच्या ओळीवर मी थांबले.

"वाच ना."

"शाळा सर्वेक्षणातल्या माहितीनुसार," मी वाचलं.

मामांनी डोळे उघडले नाहीत. मी कागदाची घडी घातली. मग त्यांनी विचारलं, "त्या वरच्या पोरी जातात का शाळेत?"

"जातात."

"मग झालं."

झालं नव्हतं. त्यानंतर ते रोज सकाळी पाचही दारांशी जाऊन उभे राहायचे. "भाडं वाढवणार नाही हं. जाऊ नका." कोणीही जाणार नव्हतं. सगळ्यांनी तसं सांगितलं, माझ्या आईने तर देवावर हात ठेवून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मामा पुन्हा दाराशी. खुलाशाची तारीख यायच्या आठवडाभर आधी, दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले. नोटीस खाटेवर उशाखाली होती.

त्या दिवशी त्या घराच्या दाराशी पहिल्यांदाच चपलांचा ढीग झाला. एक पोरगी सवयीने त्या उचलून पिशवीत भरायला लागली. आईने तिचा हात धरला. "राहू दे बाई आज."

मृत्यूची नोंद करायला मीच गेले. खिडकीतल्या माणसाने मामांचं नाव टाइप केलं, माझं टाइप केलं आणि गुजरातीत विचारलं, मृत तुमचे कोण लागतात?

मी म्हणाले, "मामा."

त्याने पडद्यावर दोन्ही आडनावं पाहिली. माझी नजर पायातल्या चपलांकडे गेली. लहानपणी कडी वाजली की जायची तशीच. त्याने काहीही विचारलं नाही. नात्याच्या रकान्यात 'भाणेज', म्हणजे भाची, असं लिहिलं आणि कळ दाबली.

मामांना ते वाचून दाखवायला हवं होतं, हळू. आपलं नाव आहे, मामा. आता ते सगळ्या खात्यांना दिसेल.