मधुकरभाऊची बातमी आणि शेजारचं बारसं

मधुकरभाऊ गेल्याची बातमी शेजारच्या बारशात स्पीकरवर वाजेल, या धास्तीनं आज दिवसभर मला घास गेला नाही.

मधुकरभाऊ म्हणजे वणीचा, माझा हॅम रेडिओवरचा, म्हणजे हौशी वायरलेसवरचा दोस्त. सातवी शिकलेल्या मला लायसन्सच्या परीक्षेला त्यानंच बसवलं.

सकाळी त्याच्या मुलीचा फोन आला.

"काका, बाबा गेले. त्याईनं सांगून ठेवलं होतं, माही बातमी आधी रेडिओवर द्या म्हणून."

देतो म्हटलं, आणि लगेच गच्चीवरच्या अँटेनाकडे पाहिलं.

माझ्या अँटेनाची केबल मोठी खोडीची. जो करंट आत राहायला पाहिजे, तो केबलच्या बाहेरच्या जाळीवरून उलटा घरात यायचा. माइक ओठाला चटके द्यायचा.

आणि माझा आवाज शेजारच्या वच्छलाबाईच्या साउंडबॉक्समधून निघायचा.

"भाऊ, तुमचं हॅलो हॅलो माह्या भजनात काहून येते? काढा तो अँटेनाचा बांबू!"

मधुकर तेव्हा फोनवर म्हणाला, "उलटा करंट अडवायला चोक लाव."

मी राळेगावच्या दुकानातून चोक आणला, बांबूला बांधला, त्याला फोटो पाठवला.

"अबे नाऱ्या! हा ट्यूबलाइटचा चोक हाये बे! अँटेना पेटवतं का आता?"

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच एसटीनं आला. केबलचे वेढे काळ्या फेराइटच्या कडीतून घेतले आणि वर, अँटेनाच्या तोंडाशीच, सुतळीनं बांधले; हा खरा चोक. "सध्या चालव. दिवाळीनंतर येतो, डबीत बसवून देतो."

दिवाळी झाली. त्याचं येणं राहिलं.

आज वच्छलाबाईच्या नातीचं बारसं. मोठे स्पीकर आलेले, त्यांची वायर माझ्याच भिंतीला लागून. उगाच गच्चीवर जात होतो, सुतळी सैल तर झाली नाही ना, पाहत होतो. बारशाच्या घरी मरणाची बातमी गेली तर काय तोंड दाखवू? आणि बोललोच नाही, तर मधुकरला काय?

संध्याकाळी नेहमीचे सगळे फ्रिक्वेन्सीवर जमले. बटण दाबलं.

"मधुकरभाऊ आज सकाळी गेले."

बटण सोडलं आणि खिडकीला कान लावला.

तिकडे बाया माइकवर पाळणा म्हणत होत्या. एक अक्षर तुटलं नाही.

रेडिओवर मात्र एकेक जण मधुकरभाऊचं नाव घेऊन निरोप देऊ लागला.

मधुकरभाऊ, तुझी बातमी पोचली. जिथं पोचायला पाहिजे होती, तिथंच पोचली.

माझा शेवटचा नमस्कार घे.