जागीकाकीची दुपारची झोप

आमच्या वाडीत दुपारी झोपायला जाताना जाहीर करून जाणारी बाई एकच, जागीकाकी. भांडी घासून झाली की पदराला हात पुसत ती पडवीत यायची, रस्त्याच्या तोंडाला चटई टाकायची आणि मोठ्याने सांगायची, "आता मला कोणी हाक मारायची न्हाय. मी चालले." बोर्ली पंचतनपासून आत असलेल्या आमच्या भातशेतीच्या वाडीत सुनेने भर दुपारी, उघड्या पडवीत, उताणं झोपायचं म्हणजे काय थोडी गोष्ट! येणारेजाणारे मुद्दाम विचारायचे, "झोपलीस काय गो?" डोळे न उघडता ती म्हणायची, "न्हाय. जागी हाय." त्यावरून तिला जागी म्हणायला लागले. चिडवायला ठेवलेलं हे नाव तिने इतक्या तोऱ्यात मिरवलं की रेशनच्या दुकानातही ती "जागी आलेय, साखर काढ" असंच सांगायची.

ती आमची शेजारीण. लग्न होऊन आली त्याच वर्षी तिला तो त्रास सुरू झाला होता. झोपेतून जाग यायची, डोळे उघडायचे, पण बोटसुद्धा हलायचं नाही. छातीवर कोणी बसल्यासारखं वाटायचं. ओरडायला जावं तर आवाज फुटत नसे. तिच्या सासूने, म्हणजे आम्ही जिला आजी म्हणतो तिने, ठरवून टाकलं की सुनेला मुंज्याने धरलंय. काका तळोज्याला कंपनीत कामाला. सुट्टीला घरी आले तरी आईपुढे तोंड उघडायचे नाहीत. मग भगत आला, दोरा आला, मिरच्यांची धुरी झाली. पहिल्या वेळी काकी रडली. पुढच्या वेळी गप्प बसली. त्यानंतर भगताने तिचे केस धरून "कोण आहेस तू?" असं विचारलं, तेव्हा तिने त्याचा हात झटकून उलट विचारलं, "मी ह्या घरची सून हाय. तू कोण?" मनगटावरचा दोरा तिने त्याच्यासमोर चुलीत टाकला. आजीने कितीतरी दिवस तिच्या हातचं खाल्लं नाही. काकीने रोज ताट वाढलं आणि रोज न बोलता उचललं. पण भगताकडे पुन्हा गेली नाही.

"मंग केलंस काय?" असं मी तिला विचारलं, तेव्हा आम्ही दोघी वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो. ती म्हणाली, "काय पन न्हाय केलं. तेच तर केलं." एका दुपारी ते ओझं छातीवर आलं तेव्हा ती कामाने इतकी दमली होती की झटापट करायला अंगात बळच नव्हतं. बस बाबा, म्हणाली, किती बसतोस ते. कानात होडीच्या इंजिनासारखी घरघर झाली, अंगभर मुंग्या धावल्या आणि मग सगळं शांत झालं. ती उठली तर अंगणात उभी होती. समुद्र शेताच्या बांधापर्यंत आला होता. तिला पक्कं कळत होतं की हे स्वप्न आहे, आपलं अंग पडवीत पडलंय आणि आपण मात्र टक्क जाग्या आहोत. "इतकी हसले गो मी," ती म्हणाली. "मला वर्षभर भ्यायला लावलं ते ह्याच्यासाठी?"

त्यानंतर ती मुद्दाम तिथे जायला शिकली. कोणी शिकवलं नाही. किती दुपारी नुसती घोरतच राहिली, तेही ती हसत सांगायची. जमायला लागलं तशी ती आधी दिघीच्या खाडीवर जायची. नवी नवरी असताना काकांबरोबर ती एकदाच फेरीबोटीतून आगरदांड्याला गेली होती. स्वप्नात तिला बोटीची गरज नसे. "पाणी घोट्याएवढं करते नि चालत जाते," असं ती आपल्या परसातल्या वाटेबद्दल बोलावं तसं सांगायची. एकदा माझ्या आईने तिला गमतीने विचारलं, "तिथं सासूला चार शब्द सुनावतेस की नाही?" काकी म्हणाली, "तिथं कशाला? तिला हितंच सुनावते." आत आजी खोकली.

मी अलिबागला डी.एड. करत होते तेव्हा मलाही तो त्रास सुरू झाला. सुट्टीत घरी आले आणि आईला सांगून बसले. आई घाबरली. तिने भगताला निरोप धाडला, हे काकीला कुठून कळलं कोण जाणे. तो आमच्या अंगणात आला तेव्हा काकी दार अडवून उभी होती, हातात खराटा. "पोरीच्या केसाला हात लावलास तर बघ," ती म्हणाली. आई म्हणाली, "वहिनी, माझी मुलगी आहे ती." काकी म्हणाली, "व्हय, तुझीच. म्हणून तर तुला पस्तावू देत न्हाय." भगत खराट्याकडे बघून परत गेला.

त्याच दुपारी तिने मला आपल्या शेजारी चटईवर घेतलं. "उताणी पड. कोपर टेकव, तिथून हात वर उभा ठेव. झोप लागली की हात पडेल, जाग येईल. अंगाला झोपू दे, तू झोपू नको. डोळ्यांपुढे चित्रं येतील, ती बघ, धरायला जाऊ नको. घरघर येईल, तिला येऊ दे." मी म्हटलं, "आणि ते छातीवर आलं तर?" "तर सांग, मला जायचंय, बाजूला हो."

मला कितीतरी दिवस जमलं नाही. हात पडायचा, मी दचकायचे, काकी शेजारून डोळे मिटूनच म्हणायची, "परत." मग एका दुपारी ते ओझं आलं. मी घाबरले, पण हलायचा प्रयत्न केला नाही. घरघर वाढली आणि थांबली. मी उठून बसले तर चटईवर माझंच अंग पडलेलं. तिने शिकवलं होतं तसं मी तोंड मिटून, नाक घट्ट दाबून श्वास घेतला. तरी श्वास आला! म्हणजे स्वप्नच होतं. त्या दिवसापासून मला झोपेची भीती वाटली नाही.

पुढे मी पनवेलला नोकरीला लागले. तिथे एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हा झोपेतला साधा प्रकार आहे. मेंदू जागा होतो, अंग मागे राहतं, पुष्कळांना होतं. मी काकीला फोन केला. ती एवढी खूश झाली की फोन स्पीकरवर टाकून मला म्हणाली, "सांग, सासूला सांग परत, मोठ्याने." मी सांगितलं. आजी म्हणाली, "मंग मिरच्या फुकट गेल्या."

दोन वर्षांपूर्वी काकीला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं. वाडीत लगेच सुरू झालं, मुंज्या इतकी वर्षं खेळवत होता, शेवटी धरलीच तिला. कोणीतरी दोरा आणून उशाशी ठेवला. काकीने तो डाव्या हाताने खाली ढकलला. पुन्हा ठेवला, पुन्हा ढकलला. मी गेले तेव्हा तिने मला जवळ बोलावलं आणि एकेक शब्द ओढत सांगितलं, "तिथं... दोन्ही पाय... हायत." मला रडू आलं. तशी ती रागावली. "हितं पन... करणार." आणि केलं. पडवीच्या खांबाला धरून ती रोज उभी राहायची, पडायची, शिव्या घालायची, परत उभी राहायची. पडायला लागली की तिला धरायची कोणी, तर आजी. पाठीत वाकलेली, तरी खांद्याचा आधार द्यायची.

गेल्या हिवाळ्यात काकी गेली. लोक म्हणाले, झोपेतच गेली असेल. मी प्रत्येकाला ठणकावून सांगितलं, नाही. दवाखान्यात नेताना गाडीत गेली, आणि जाईपर्यंत खिडकी उघड म्हणून ड्रायव्हरशी भांडत होती.

दिवसकार्य झाल्यावर मी आजीला भेटायला गेले. दुपारची ती पडवीत एकटी बसली होती. हळूच म्हणाली, "ती जायची ना... तिथं मला ने. मला तिला बघायचंय."

"तिथे ती भेटेलच असं नाही, आजी. आणि भेटली तरी ती आपल्या मनातली."

"असू दे. तेवढी तरी."

मला नाही म्हणता आलं नाही, आणि सहज होही म्हणवेना. मी म्हटलं, "शिकवते. पण आधी एक सांग. काकीला काही धरलेलं होतं?"

आजीने मान हलवली. "न्हाय."

"मला नको सांगू. वाडीला सांग."

ती माझ्याकडे रागाने बघत राहिली. मग खांबाला धरून उठली, पायरीपर्यंत गेली आणि आपल्या चिरक्या आवाजात रस्त्याला ओरडली, "माझ्या सुनेला काय पन धरलेलं नव्हतं! आयकलं काय?"

सायकलवरून मासळी विकणारा थांबला. समोरच्या घरातली बाई सूप हातात घेऊन दारात आली. तो म्हणाला, "कोणाला सांगतेस, आजी?"

"तुला! नि सगळ्यांना सांग."

मग ती धापा टाकत परत आली, चटईवर बसली आणि मला म्हणाली, "आता झोपू?"