भरून आलेले पाय

मैदानावर आल्याबरोबर ती चपला झाडाखाली ठेवायची, ओढणी कमरेला घट्ट बांधायची आणि माझ्याकडे न बघताच म्हणायची, "मॅडम, आज जास्तीचं द्या."

जास्तीचं म्हणजे व्यायाम. संग्रामपूरला आमच्या शाळेच्या मैदानावर मी सकाळी पोलीस भरतीच्या मुलींचा सराव घेते. बाकी सगळ्या कॉलेजच्या पोरी; लग्न झालेली, लेक शाळेत जाणारी ही एकटीच. म्हणून सगळ्या तिला वहिनी म्हणत. मीही तेच म्हणायला लागले. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची भरती होती.

अशा सुना तुम्हीही पाहिल्या असतील. थांबलं की त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. मी बेडूकउड्या सांगितल्या की पोरी कुरकुरायच्या. ही मैदानाच्या टोकापर्यंत जाऊन तशीच उड्या मारत परत यायची. एकदा एक पोरगी वैतागली, "वहिनी, तुमच्यापायी आमाले बी माराव्या लागतात!"

"मंग मार नं वं. जमीन काई पयून नाही जाऊन राह्यली."

मैदानी चाचणी जवळ आली आणि तिची धाव बिघडली. सुरुवात झोकात व्हायची, पण शेवटच्या वळणावर मांड्या थरथरू लागायच्या. धावायला वेळ जास्त लागला की ती उड्या वाढवायची, आणि उड्या वाढवल्या की दुसऱ्या दिवशी आणखी वेळ लागायचा. एका सकाळी ती त्या वळणावर मटकन खाली बसली. उठायला गेली तर पाय उचलेनात. मी पोटऱ्या दाबून पाहिल्या. त्यांचा दगड झाला होता.

"काऊन वं, कधीपासून असं आहे?"

"लय दिवस झाले. पायऱ्या भिंत धरून उतरा लागते."

मग एकेक कळत गेलं. सकाळी मैदान, दिवसभर वावरात कापूस वेचणं आणि संध्याकाळी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पुन्हा पळणं, पुन्हा उड्या. मी म्हटलं, "तुझे पाय आळशी नाहीत, थकलेत. उड्यांनी अन् पळण्यानं स्नायू दुखावतात. जोर येतो तो विसाव्यात. थोडे दिवस मैदानावर येऊ नको."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "घरी बसली तर सासू म्हनन, झाली का पोलीस?"

दुसऱ्या दिवशी ती लंगडत हजर! आणि मागून तिची सासू. धिप्पाड बाई, डोक्यावर पदर, तरातरा मैदान ओलांडत आली. पोरी बाजूला सरकल्या. मलाही वाटलं, आता ही सुनेला ओढत घरी नेणार.

"मॅडम तुमीच का?"

"हो."

"मंग हिले जरा दम द्या. पायाचं असं करून बसली अन् मायं आयकत नाही. म्या म्हनलं कापूस मी वेचतो, तू पडून राय. तर नाही म्हनते."

वहिनी तिच्याकडे बघतच राहिली. "मले वाटे, तुमाले हे भरतीचं पटतच नाही."

"मले कोनी इचारलं का? म्या तं साऱ्या बायांले सांगून बसली, आमची सून पोलीस होऊन राह्यली."

त्यानंतर सासू वावरात आणि सून घरी, भिंतीला पाय टेकवून पडलेली. आठवडाभराने ती मैदानावर आली ती नुसती चालायला. मग हलकं पळणं, आणि उड्या एक दिवसाआड. हळूहळू तिच्या पावलांचा आवाज बदलला. फरफट गेली, टपटप परत आली. चाचणी देऊन आल्यावर ती एवढंच म्हणाली, "मॅडम, शेवटच्या वळणावर पाय होते."

पुढे लेखीही निघाली आणि नाव यादीत लागलं.

ट्रेनिंगला जायच्या दिवशी मी बसस्टँडवर गेले होते. लेक बापाचा हात धरून उभी होती. सीट धरून द्यायला म्हणून सासू एसटीत चढली आणि सुनेशेजारी बसली ती बसलीच. कंडक्टरने डबल बेल दिली तरी उठेना.

"आई, उतरा नं!" वहिनीचा नवरा खालून ओरडला.

"पुढच्या फाट्यावर उतरीन," ती खिडकीतून म्हणाली.

गाडी हलली. मागच्या काचेतून दोघींची डोकी दिसत होती, एक पदर घेतलेलं, एक उघडं. आणि दोघी एकदमच काहीतरी बोलत होत्या.