माझ्या नावावरची सोनोग्राफी

ट्रॅव्हल्सची गाडी मुंबईच्या वेशीवर काशीमिऱ्याला पुलाखाली उतारू सोडते. उजाडत होतं. एका अंगाला हिरवागार डोंगर आणि दुसऱ्या अंगाला डोंगराशी स्पर्धा करणाऱ्या इमारती. मधल्या रस्त्यावर ट्रकांची एवढी रांग होती की पलीकडे जायचं कसं हेच मला कळेना. आमच्या बीडकडे ऊस तोडायला निघालेल्या गाड्यांचीही अशी रांग लागते, पण तिच्यात ओळखीची माणसं असतात.

पलीकडून सुमेधने हात केला. दाढी फोनवर पाहिली होती, समोर पहिल्यांदाच पाहत होते. माझ्या धाकट्या भावाचा चेहरा घेतलाय पोराने.

"जय भीम, माय. झोप झाली का गाडीत?"

"कुठली झोप. तुझं पोट कसंय?"

"हाय तसंच," म्हणत त्याने माझी थैली उचलली आणि लगेच उजव्या हाताने कमरेजवळ दाबून धरलं. मी थैली काढून घेतली.

सुमेध माझा मुलगा. जन्मला तेव्हा सुइणीने मुलगी म्हटलं, मग सगळ्यांनीच म्हटलं. तो लहानपणापासून नाही म्हणत होता. मोठा झाल्यावर गाव सोडून इकडे आला, डॉक्टरांकडून इंजेक्शनं घेतली, आवाज बदलला, आधारकार्डावर पुरुष झाला. अशा माणसाला ट्रान्स पुरुष म्हणतात, हे त्यानेच मला शिकवलं. बाहेरून सगळं बदललं, पण पोटातली पिशवी (गर्भाशय) तशीच राहिली. ते ऑपरेशन त्याने केलेलं नाही. आणि आता पोटातच काहीतरी बिघडलं होतं. गेल्यापासून त्याने मला कधी 'ये' म्हटलं नव्हतं. या वेळी म्हणाला. गावात खरं सांगायची सोय नव्हती. बहिणीकडे जाते म्हणून निघाले.

त्याची खोली काशीगावात आहे. मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की एकदम गाव लागतं. कौलारू घरं, तुळस, दारात वाळत घातलेली सुकट, आणि डोक्यावर सतरा मजल्यांची सावली. घरमालकीण जनीकाकी आगरी आहे. तिच्या सासरची शेती होती, मिठागरात कामही होतं. आता भाड्याच्या खोल्या आहेत.

"आयलीस का? (आलीस का?) बस. पोराचा पॉट दुखतंय, मना म्हाईत हाय. रात्री कन्हतो, भिंतीतून ऐकू येतं."

 हिला बाकीचं माहीत आहे का, हे विचारायचं कसं? मला बोलायचंच अवघड जातं, त्यात परकं घर. काकीने तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण पुढे ठेवलं. आमची ज्वारीची भाकरी हातात दम धरते, ही मऊ, कालवणात बुडवली की विरघळते. मी तसं म्हटलं तर काकी हसली. "तुमची भाकरी म्हंजे थाळीच. जेवून झाल्याव धुवून ठेवायची."

खोलीत खिळ्याला एक पांढरी टोपी होती. मी विचारलं, ही कुठली.

"सर्वेवाले आले होते. आमच्यासारख्यांच्या आरोग्यावर संशोधन करायला. रक्त घेतलं, तासभर प्रश्न विचारले, टोपी दिली."

"काय विचारलं?"

"कोणाबरोबर झोपता, किती जणांबरोबर झोपता."

"पोटाचं?"

"पोटाचं नाही विचारलं, माय. रक्तात काय निघालं तेही सांगितलं नाही. टोपी चांगली आहे पण, ऊन लागत नाही."

आमच्या वस्तीवरही सर्वेवाल्या बाया आल्या होत्या. ऊस तोडणाऱ्या बायकांच्या पिशव्या का काढल्या, ते विचारायला. माझीही काढलीय. अंगावरून पांढरं जातंय एवढंच सांगायला गेले होते. तालुक्याच्या डॉक्टरने सोनोग्राफी केली, पुढे कॅन्सर होईल म्हणून भीती घातली आणि पिशवीच काढून टाकली. मुकादम म्हणाला, बरं झालं, आता दर महिन्याचा खाडा नाही. सर्वेच्या बायांनी सगळं ऐकून घेतलं. कंबर अजून दुखते का, हे बघायला परत कुणी आलं नाही. आम्हाला तर टोपीही दिली नाही.

दुसऱ्या दिवशी मिरा रोडच्या एका दवाखान्यात गेलो. रिक्षातून जाताना मेट्रोचे खांब संपतच नव्हते. सुमेध प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटत होता. दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, चांगलं बोलत होता. सुमेधने हळू आवाजात सगळं सांगितलं तसा त्याचा हात थांबला. त्याने तपासलंच नाही. म्हणाला, "हे बायकांच्या डॉक्टरचं काम आहे." बायकांच्या डॉक्टरकडे गेलो तर दारावरचा माणूस म्हणाला, "पुरुषांनी बाहेर थांबायचं. पेशंट ताई आहेत ना? त्यांना पाठवा."

मी म्हटलं, "पेशंट तो आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. आत जाऊन आला आणि दारातूनच एक चिठ्ठी दिली. पोटाची सोनोग्राफी करून आणा.

सोनोग्राफीचं सेंटर पूनम सागर कॉम्प्लेक्सच्या बाजूला होतं. खाली फरसाणाचं दुकान, वर सेंटर. भरपूर पाणी पिऊन लघवी रोखून बसायला सांगितलं. बाकावर सगळ्याच बायका, बहुतेक पोटुशा. मधे दाढीवाला सुमेध, हातात पाण्याची बाटली. एक आजीबाई मला हिंदीत म्हणाल्या, "बहू अंदर गई है क्या?" मी मान हलवली. ती हो होती की नाही, मलाच ठाऊक नाही.

आत गेला तसा लगेच बाहेर आला. रिपोर्टही लगेच मिळाला. इंग्रजीत होता, सुमेध वाचत होता. वाचता वाचता हसायला लागला, आणि हसू आलं तसं पोटात कळ आली, मग हसू आणि कळ दोन्ही धरून बसला.

"काय झालं?"

"माय, माझं प्रोस्टेट नॉर्मल आहे."

"ते काय असतं?"

"पुरुषाला लघवीच्या पिशवीखाली असतं. मला नाहीच ते. यांनी मूतखडा आहे का तेवढं बघितलं. बाकीचा रिपोर्ट छापून तयारच असतो पुरुषांचा."

मी आयुष्यात दवाखान्यात कधी उलट बोललेली नाही. माझी पिशवी काढायची म्हटलं तेव्हासुद्धा 'बरं' म्हणाले होते. त्या दिवशी मात्र टेबलापाशी जाऊन उभी राहिले. बसलेली मुलगी सुमेधच्याच वयाची, नखं रंगवलेली.

"बाई, याच्या पोटात जे नाही ते तुम्हाला दिसलं. जे आहे ते बघा की."

"क्या?"

सुमेधने हिंदीत समजावलं. तिने कॉम्प्युटर बडवला आणि हिंदी-मराठी मिसळून म्हणाली, "आंटी, मेल पेशंटला गर्भाशयाची सोनोग्राफी सिस्टिम घेतच नाही. टाकू कशी? एरर येतो."

"मग सिस्टिम राहू दे. बघा नुसतं."

"बिना एन्ट्री मशीन चालू करता येत नाही. सोनोग्राफीवर सरकारचं लक्ष असतं, तुम्हाला माहितेय ना." तिने आतल्या दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली करून म्हणाली, "एक होऊ शकतं. तुमच्या नावावर टाकते. तुमचं आधार द्या. आत हा जाईल."

बाकावरच्या बायका ऐकत होत्या. सुमेध खाली मान घालून बसला होता. या पोराने स्वतःचं नाव मिळवायला घर सोडलं, गाव सोडलं. त्याचं दुखणं बघायचं तर त्या नावाने बघता येत नाही म्हणे. मला असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि बायकांना वाटलं मी रडतेय. एकीने पदराने वारा घातला.

"चालेल," सुमेध म्हणाला. "टाका."

मी आधार दिलं. त्याच्या पोटावरून मशीन फिरलं आणि कागद माझ्या नावाचा निघाला. वय माझं, बाई मी, पिशवी व्यवस्थित, उजव्या अंडाशयात मोठी गाठ.

कागद घेऊन पुन्हा त्या बायकांच्या डॉक्टरकडे गेलो. या वेळी आत घेतलं. गाठ काढावी लागेल, पण लेडीज वॉर्डात दाढीवाला माणूस ठेवला तर बाकीच्या पेशंटचे घरचे भांडायला येतील, असं डॉक्टरबाई म्हणाली. "तुम्ही मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलला जा. सोमवारी जा, आज उशीर झाला." चूक कुणाचीच नव्हती. प्रत्येकजण पुढचं दार दाखवत होता.

रविवारी जनीकाकीने आम्हाला चेण्याला नेलं, तिच्या माहेरी. "पोराला हवा लागूदे," म्हणाली. घोडबंदर रोडवरून आत वळलं की चेणे. मागे जंगलाचा डोंगर, खाली नदी, पोरं म्हशींबरोबर पाण्यात. इमारतींच्या इतक्या जवळ एवढी शांतता असेल असं वाटलं नव्हतं. काकीच्या भावजयीने चिंबोऱ्या (खेकडे) केल्या होत्या. मी कधी खाल्ल्या नव्हत्या. पाय कसा फोडायचा ते सुमेध मला दाखवत होता, आणि दाखवता दाखवता ताटावरच वाकला. ओकला. अंग गार, घामाने भिजलेलं.

काकीच्या भावाने टेम्पो काढला. पुढे बसायला जागा नव्हती, मागे ताडपत्रीवर त्याला झोपवलं, डोकं माझ्या मांडीवर. काकी पायाशी. सुमेध सारखं म्हणत होता, "माय, त्यांना सांग नीट. मला बोलता येणार नाही."

काकी म्हणाली, "ती नाय बोलली तं मी बोलन. तू गप पर (पड)." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मना पयल्या दिवसापासून ठावं हाय. कपडे माझ्याच दोरीव वालत घालतो ना तो. पोरगा चांगला हाय, बस झाला."

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात मी थैलीतून ती सोनोग्राफी काढून पुढे केली. ड्युटीवरची डॉक्टर वाचू लागली आणि माझाच हात धरून म्हणाली, "तुम्ही झोपा आत."

"मी नाही. हा."

"कागदावर तुम्ही आहात."

"कागदावर मी आहे. गाठ त्याच्या पोटात आहे."

"असं कसं? दुसऱ्याच्या नावाच्या रिपोर्टवर मी ऑपरेशनला घेऊ शकत नाही."

पुन्हा सोनोग्राफी. पुन्हा सिस्टिम. कुणाला तरी फोन, मग अजून कुणाला. पुरुषांच्या वॉर्डवाल्यांनी बायकांचा पेशंट म्हटलं, बायकांच्या वॉर्डवाल्यांनी पुरुष. स्ट्रेचर मधल्या जिन्यापाशी उभं. येणारे जाणारे वाकून बघत होते. एक वॉर्डबॉय दुसऱ्याला म्हणाला, "आधी ठरव म्हणावं, मग आजारी पड." दुसरा हसला. काकीने त्याला आगरीत जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही.

शेवटी त्याच डॉक्टरने स्ट्रेचरला हात लावला आणि म्हणाली, "थिएटरला घ्या. वॉर्डाचं नंतर बघू." हे एक वाक्य कुणीतरी पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं.

गाठीच्या वजनाने पीळ पडला होता. उजवं अंडाशय काळं पडलं होतं, काढावं लागलं. जीव वाचला. बाहेर आल्यावर डॉक्टरने मला विचारलं, "आधी का नाही आणलंत? एवढं दुखत असताना काय करत होतात?"

ती दमलेली होती, आणि माझ्या पोराला तिनेच वाचवलं होतं. तरी मी बोलले. "दारोदार फिरत होतो, बाई. तुमच्याच दारांनी."

 सुमेधला बाजूच्या लहान खोलीत ठेवलं, जिथे मोडके पलंग आणि सलाइनचे स्टँड ठेवतात. तिथेच तो बरा झाला.

निघायच्या आदल्या दिवशी एक शिकाऊ मुलगी आली. नम्र होती, दारातून 'येऊ का' विचारून आली. ट्रान्स लोकांच्या आरोग्यावर संशोधन करतेय म्हणाली. सुमेधने तिला बसायला पलंगाची कड दिली. ती विचारत गेली, तो उत्तरं देत गेला. तेच प्रश्न होते. ती उठायला लागली तशी मी म्हटलं, "पोरी, एक लिहून घे. याचं पोट दुखत होतं."

"त्यासाठी वेगळा प्रश्न नाहीये, मावशी."

"नसू दे. कोपऱ्यात लिही. आणि तुझं लिहून झालं की पहिलं त्या सोनोग्राफीवाल्यांना वाचून दाखव."

तिने कोपऱ्यात लिहिलं. मराठीत लिहिलं, मी पाहिलं.

परतीची गाडी काशीमिऱ्याहूनच होती. सुमेध सोडायला आला, हळू चालत, ती पांढरी टोपी घालून. काकीने सुकट बांधून दिली. "भावकीला सांग, समुद्राची हाय." गाडी निघाली, डोंगर मागे गेला, इमारतीही गेल्या.

आता घरी आहे. बहिणीकडे बरं होतं, असं सगळ्यांना सांगितलंय. थैलीत तळाशी ती सोनोग्राफी निघाली. सुमेधच्या पोटातली गाठ गेली, पण कागदावर ती अजून माझ्या पोटात आहे. पिशवीही आहे, व्यवस्थित. ज्यांनी माझी काढली त्यांनी विचारलं नाही, ज्यांनी त्याची बघायला हवी होती त्यांनी बघितली नाही, आणि कागदावर मी धडधाकट बाई आहे. चुलीत घालणार होते. मग तो कागद पत्र्याच्या पेटीत नीट घडी करून ठेवला. वस्तीवर पुन्हा कुणी सर्वेला आलं तर त्यांच्या एकाही प्रश्नाचं उत्तर देण्याआधी हा पुढे ठेवीन, आणि माझ्या पोटावरचा टाका दाखवीन.