पाळण्यात भेलं कोण होतं

हैदराबादला मासेमारी सोसायटीची जाळी आणायला गेलो होतो. तिथून गुपचूप पाळण्यांच्या बागेत जाऊन आलो, हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. सांगायचं तर का गेलो तेही सांगावं लागलं असतं.

लग्नानंतरच्या पहिल्या शिवरात्रीला आम्ही घरची सगळी मार्कंड्याच्या जत्रेला गेलो. बायकोला आकाशपाळण्यात बसायचं होतं. आम्ही ढिवर, तलावात मासे धरणारे; पाण्याचं भय कसं असतं ते मला ठाऊक नाही. पण खालची माणसं बसवायला पाळणा थांबला, आमची बसायची पाटी नेमकी टोकावर हलत राहिली. दांडा धरून, डोळे मिटून मी बोंबललो, "उतरवा! उतरवा मले!" खाली थोरला भाऊ, वहिनी, पोरंसोरं सगळी उभी होती. उतरल्या उतरल्या मी बोलून गेलो, "हिले चक्कर आली. म्हणून थांबवाले लावला."

बायकोनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तोंडाला पदर लावून ती खरोखरच चक्कर आल्यासारखी मातीत बसली.

तेव्हापासून दर जत्रेत वहिनीचं सुरू, "हिले नोका बसवू बाप्पा! हे चढन अन जत्रा गोळा करन!" सगळे हसायचे. बायकोही हसायची. मीही.

अशी बरीच वर्षं गेली. मग त्या हैदराबादच्या खेपेला जाळ्यांचे गठ्ठे बांधून झाले आणि गाडी रात्रीची होती. गठ्ठे दुकानातच ठेवून मी शहराबाहेरच्या त्या बागेची बस धरली. तिथला सगळ्यात मोठा पाळणा म्हणजे डोंगरासारख्या उंच रुळांवरून पळणारी डब्यांची माळ. रांगेतून दोनदा बाहेर पडलो, पुन्हा लागलो. आज इथून तसाच परत गेलो तर जन्मभर तसाच राहीन, हे मला कळत होतं.

शेजारी एक जाडजूड गृहस्थ बसले. गाडी चढली, क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि कोसळली. पहिल्याच वळणावर डबा डावीकडे कलला, तसं मी सवयीनं सगळं अंग उजवीकडे टाकलं. तलावात डोंगा कलला की आम्ही हेच करतो. नाही केलं तर माणसं, जाळं, मासे सगळं पाण्यात. पुढच्या वळणाला डावीकडे झुकलो तो थेट त्या गृहस्थांच्या पोटावर.

"अरे भाईसाब! नाव में बैठे हो क्या?"

"उलटन नं!" मी ओरडलो.

"कुछ नहीं उलटता! छोड़ दो, अपने आप मुड़ेगी!"

उतरलो. सगळा वेळ मी डबाच सावरत होतो. पण उतरवा म्हणून मी ओरडलो नव्हतो. मला हसू फुटलं. पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिलो. या खेपेला अंग सैल सोडलं. गाडी कलली तसा मीही कललो, आणि कोसळताना पहिल्यांदाच मजा आली. तिसऱ्यांदा सगळ्यात पुढच्या डब्यात बसलो. टोकावर पोचल्यावर दोन्ही हात सोडले, डोळे सताड उघडे ठेवले आणि घसा फाटेस्तोवर ओरडलो, "मीच भेलो होतो! माही बायको नाई, मी!"

मागची माणसंही ओरडत होती. मराठी कोणाला कळत असेल असं वाटलं नाही. उतरताना एका बाईनं कौतुकानं अंगठा दाखवला. संध्याकाळपर्यंत मी त्या बागेत एखाद्या राजासारखा फिरलो.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "आवाज काऊन बसला तुमचा?"

"थंड पाणी पेलो," मी म्हणालो.

पुढच्या शिवरात्रीला मीच तिला म्हटलं, "चाल, पाळण्यात बसू." वहिनीनं कपाळाला हात लावला. पाटी टोकावर थांबली. खाली वैनगंगेची वाळू, देवळं, माणसांची रीघ सगळं मला स्वच्छ दिसत होतं. मी हात दांड्याला लावलासुद्धा नाही. बायको नदीकडे पाहता पाहता हळूच म्हणाली, "आता नाई भेत?"

"नाई."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच मनसोक्त इकडेतिकडे पाहत बसली. इतका आनंद मला एवढ्या वर्षांत झाला नव्हता. पाळणा दोनदा जास्त फिरवायला लावला.

खाली आल्यावर वहिनी म्हणाली, "कावं, आज नाई आली चक्कर?" सगळे हसले. खरं सांगायची तीच वेळ होती. पण मीही सगळ्यांबरोबर हसलो.

भाऊ आता थकला आहे. वहिनी मात्र तो किस्सा सुनांनाही सांगते, आणि चहा देता देता बायको तो ऐकून घेते. त्या सगळ्यांसमोर, तिच्यादेखत, त्या दिवशी मी भ्यालो होतो हे मला सांगायचं आहे. तेवढं तिचं देणं माझ्याकडे बाकी आहे.